फास, फग आणि ओहोटीचं गणित

प्रश्न असा आहे: घोडबंदर रोडला राहणाऱ्या, सह्याद्रीत भटकणाऱ्या एका गटाला रानात अडकल्यावर पोट कसं भरायचं ते शिकायचंय. ससा, रानकोंबडा, घोरपड यांच्यासाठी तारेचे फास कसे बांधायचे, किती लावायचे, आणि येऊरच्या जंगलात त्याचा सराव करता येईल का?

आधी सरावाचं, कारण त्यात तुरुंगात जायची वेळ येऊ शकते. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येतच फास लावणं, सापळा लावणं, आमिष दाखवणं आणि या सगळ्याचा नुसता प्रयत्न करणं धरलेलं आहे. म्हणजे फास रिकामा राहिला तरी गुन्हा झालाच. येऊर हे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं ठाण्याकडचं अंग. उद्यानात केलेल्या शिकारीला किमान 3 आणि कमाल 7 वर्षांची शिक्षा आहे. घोरपड तर पहिल्या अनुसूचीत येते, तिच्यासाठी उद्यानाबाहेरही हाच नियम. कायद्यात सूट आहे ती जीव वाचवण्यासाठी प्राण्यावर प्रतिहल्ला करावा लागला तर. भूक लागली म्हणून फास लावायला सूट नाही.

कायदा बाजूला ठेवला तरी येऊरमध्ये फास लावू नका, आणि याचं कारण बिबट्या आहे. सशासाठी किंवा डुकरासाठी म्हणून लोक मोटारसायकलची क्लचवायर वापरतात. ज्या पायवाटेने ससा जातो त्याच वाटेने मागोमाग बिबट्या जातो. सरकफासाला कोण आलं ते कळत नाही, तो फक्त आवळतो. बिबट्याचं डोकं आणि पुढचे पाय पार होतात आणि फास कमरेत बसतो. जनावर जितकं ओढतं तितकी वायर आत रुतते, आणि बाहेरून जखम लहान दिसली तरी आत आतडी आणि मूत्रपिंडं दबून जातात. उद्यानाच्या आसपास असे बिबटे मेलेले आहेत. कुंपणाच्या भोकाशी, ओढ्याच्या काठाला किंवा वाटेच्या अरुंद जागी एका खुंटीला बांधलेली गोल वायर दिसली, तर फोटो आणि जागेची खूण घेऊन वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवा. प्राणी अडकलेला असेल तर त्याच्या नजरेच्या टप्प्यातून मागे सरा. अर्धवट अडकलेला बिबट्या माणूस दिसला की जोर लावतो, आणि तेवढ्यात वायर तुटली तर तुम्ही समोरच असता.

आता खऱ्या अडचणीचा प्रश्न. फास हे तासाभराचं काम नाही. जनावराची रोजची वाट आधी ओळखावी लागते, बरेच फास लावावे लागतात, ते रोज दोनदा फिरून बघावे लागतात, आणि त्यातले बहुतेक रिकामे निघतात. एवढं फिरण्यात जी ताकद जाते ती ससा मिळाला तरी भरून निघत नाही. रानसशाच्या 100 ग्रॅम कच्च्या मांसात साधारण 115 कॅलरी असतात आणि चरबी जवळजवळ नसते. सतत नुसतं बिनचरबीचं मांस खाल्लं तर जुलाब आणि मळमळ सुरू होते, शिवाय प्रथिनांचा मळ लघवीवाटे टाकायला शरीराला जास्तीचं पाणी लागतं. एप्रिल-मेमध्ये आपल्या डोंगरात माणूस अडचणीत येतो तो पाण्यावाचून. पावसाळ्यात तो येतो ओलं होऊन गारठल्याने आणि ओढा ओलांडायच्या घाईने. अन्नाशिवाय निरोगी माणूस आठवडे काढतो. ठाणे जिल्ह्यातल्या कुठल्याही डोंगरात वाट चुकलात तर पहिले 24 तास एका जागी थांबणं, अंग कोरडं ठेवणं, पाणी राखणं आणि 112 लावायला रेंज मिळेल असं जवळचंच टेपाड शोधणं, हेच काम आहे.

तरीही पकडून खायची विद्या शिकायची असेल तर इथल्या माणसांनी ती कुठे टिकवली ते बघा. चेंदणी, विटावा, दिवे, वाशीगाव, सारसोळे या खाडीकाठच्या गावांनी ती पाण्यात टिकवली आहे. चिंबोरी (खाडीतला मोठा खेकडा) आणि मासा रोज दोनदा भरतीबरोबर स्वतःहून तुमच्याकडे येतो. सापळ्यासाठी याहून सोयीची शिकार कुठली! म्हणून मी फासाऐवजी फग शिकवेन.

फग म्हणजे गोल कडीला मधे झोळ देऊन बसवलेलं जाळं, त्याच्या मध्यावर आमिष, आणि कडीला तीन-चार दोऱ्या बांधून वर एक दोरी. 8 मिलिमीटरची सळई 5 फूट घ्या. तिचं कडं केलं आणि टोकं 3 इंच एकावर एक चढवून तारेने घट्ट बांधली की साधारण दीड फूट व्यासाचा फग होतो. सळईचं वजन जेमतेम 600 ग्रॅम, पण तेवढ्याने फग तळाला सपाट बसतो. याहून बारीक सळई घेतलीत तर ओढीला फग कलंडतो आणि चिंबोरी खालून आमिष ओरबाडते. जाळ्याचं भोक दीड ते दोन इंच असावं. बारीक भोकाचं जाळं उचलताना पाणी धरतं, फग जड होऊन सावकाश वर येतो आणि चिंबोरीला पळायला वेळ मिळतो. झोळ 6 ते 8 इंच ठेवा. झोळ कमी असेल तर उचलताना ती कडीवरून चालत बाहेर जाते, फार असेल तर जाळं तळाच्या कचऱ्यात अडकतं. कडीला समान अंतरावर तीन दोऱ्या, प्रत्येकी फूटभर, वर एका गाठीत आणा. चार दोऱ्यांनी फग जास्त सरळ उचलतो, पण तीन दोऱ्यांची लांबी जुळवणं हाताला सोपं जातं. त्या गाठीला 4 मिलिमीटरची नायलॉन दोरी, पाण्याच्या खोलीपेक्षा 2 मीटर जास्त, आणि टोकाला तरंगायला रिकामी बाटली.

अडचणीच्या वेळी सळई कुठून आणायची? निर्गुडीची बोटभर जाडीची ओली फांदी वाकवून कडं होतं, तीन बाजूंना मुठीएवढे धोंडे बांधले की बुडतं. जाळ्याला कांद्याची गोणी उत्तम. तिवराची फांदी मात्र तोडू नका, कांदळवनाला हात लावणं हा वेगळा गुन्हा आहे आणि ते लाकूड वाकतही नाही.

आमिषात लोक सगळ्यात जास्त चुकतात. कोंबडीची आतडी स्वस्त म्हणून घेतात. ती दहा मिनिटांत फाटून वाहून जातात. पाखट किंवा मुशीचा कातडीसकट तुकडा, वामीचं डोकं, नाहीतर कोंबडीचं डोकं आणि पाय घ्या. हे चिवट असतं, चिंबोरी खेचत बसते. तुकडा अंड्याएवढा पुरे. तो झोळाच्या अगदी मध्यावर, जाळ्याच्या दोन गाठींना तारेने शिवून टाका, नुसता बांधू नका. शिवताना तार मांसातून दोनदा आरपार न्या आणि जाळ्याखाली पिरगाळा. आमिष मध्यापासून चार बोटं जरी सरकलेलं असलं तरी चिंबोरी कडीवर बसूनच नांगीने ते ओढते, आणि दोरी हलली की मागच्या मागे पाण्यात जाते.

आता वेळ. हेच सगळ्यात महत्त्वाचं, आणि इथे मोबाइलशिवायही काम होतं. तिथीला पाऊणने गुणा, पूर्ण भरतीची वेळ निघते. चतुर्थीला 4 गुणिले पाऊण म्हणजे 3 वाजता, अष्टमीला 6, एकादशीला सव्वाआठ, अमावस्या-पौर्णिमेला 15 धरून सव्वाअकरा. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, हिशेब तोच. दिवसाची भरती निघाली की रात्रीची साधारण 12 तास 25 मिनिटांनी, आणि दुसऱ्या दिवशी तीच भरती पंचेचाळीस-पन्नास मिनिटं उशिरा. हा हिशेब मुंबईच्या बंदराजवळचा, म्हणून अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे धरा. ठाण्याच्या टोकाला पाणी वाशीपेक्षा उशिरा चढतं. भरती आणि ओहोटीच्या मधे सहा तासांहून थोडा जास्त वेळ. म्हणजे अमावस्येला ओहोटी पहाटे पाच-सहाच्या सुमारास आणि फग टाकायची वेळ त्याच्या लगेच नंतर, पाणी फिरून खाजणात (खाडीकाठच्या खारट दलदलीत) शिरायला लागतं तेव्हा.

चिंबोरी ओहोटीत तिवराच्या मुळांखालच्या बिळात बसते आणि चढत्या पाण्याबरोबर चरायला निघते. म्हणून भरती लागल्यापासूनचे पहिले दोन-अडीच तास सोन्याचे. नाळेच्या (खाजणातल्या अरुंद पाणवाटेच्या) कडेला, जिथे पाणी गुडघा ते कंबरभर आहे आणि ओढ फार नाही, तिथे फग टाका, दोन फगांत 8 ते 10 मीटर अंतर. एका माणसाला 6 ते 8 फग पुरे. त्याहून जास्त टाकलेत तर पहिल्याकडे परत येईपर्यंत आमिष संपलेलं असतं. उधाणाला भरती-ओहोटीतला फरक 4 मीटरच्या वर जातो, पाणी जोरात येतं, फग सरकतात. भांगाला, म्हणजे अष्टमीच्या सुमाराच्या कमी भरतीला, पाणी खाजणात फार आत शिरतच नाही. नवशिक्याला पंचमी ते सप्तमी बरी. चिंबोरी अमावस्येला भरलेली आणि पौर्णिमेला पोकळ, अशी कोळीवाड्यांत पक्की धारणा आहे. हाताला मात्र एवढं नक्की कळतं की कात टाकलेली चिंबोरी वजनाला हलकी आणि पोटाखाली दाबल्यावर लवचीक लागते. तिच्यात मांस नसतं, पाणी असतं. ती सोडून द्या.

फग दर 15 ते 20 मिनिटांनी बघा. दोरीला हात लावताना ताण हळू घ्या, म्हणजे ढिली दोरी आधी सरळ होईल. ताण लागला की एका दमात, हाताखाली हात घालत, सरळ वर. तिरका ओढला की फग तळावरून घासत येतो आणि चिंबोरी उतरून जाते. मधे थांबलात तर तीच गत. काठापासून लांब टाकलेला फग काठावरून ओढू नका, तो उचलायला त्याच्या वर पोचता आलं पाहिजे. म्हणूनच होडी नसलेल्यांनी बांधाच्या किंवा उघाडीच्या (बांधातल्या पाण्याच्या दाराच्या) काठाशीच फग टाकावेत.

उचललेली चिंबोरी बांधणं ही स्वतंत्र कला आहे, आणि बोट तुटायची भीती खरी आहे. फग जमिनीवर उपडा करा. चिंबोरीच्या मागे उभं राहून तिच्या पाठीवर चप्पल ठेवा, दाब बेताचा, कवच फुटेल इतका नको. दोन्ही नांग्या पुढे उगारलेल्या असतील. एका काठीने त्या तोंडासमोर घडी होतील अशा आत ढकला. हातभर सुतळीचा मध्य दोन्ही नांग्यांच्या समोरून घाला, टोकं दोन्ही बाजूंनी मागे आणा, शेवटच्या वल्ह्यासारख्या पायांच्या पुढून पाठीवर ओढून घट्ट गाठ मारा. मग तिला मागून, त्या वल्हेपायांच्या मधे अंगठा आणि पोटाखाली बोटं ठेवून उचला. नांगीने पकडलंच तर ओढू नका. हात चिंबोरीसकट पाण्यात धरा, ती सोडून पळते. ओढाओढ केली तर ती नांगी टाकून देते आणि सुटी नांगीही चावा सोडत नाही.

पोटाचा पडदा बघा. अरुंद त्रिकोणी असेल तर नर, रुंद गोल असेल तर मादी. पडद्याखाली नारिंगी-काळी अंडी लगडलेली असतील तर सोडा, तळहातापेक्षा लहान असेल तरी सोडा.

चिखलाबद्दल दोन गोष्टी, कारण खाजणात माणसं चिंबोरीमुळे मरत नाहीत, भरतीमुळे मरतात. पाणी समोरून येताना दिसतं आणि आपण बघत राहतो. तोवर मागची लहान नाळ भरलेली असते आणि परतीची वाट तुटते. आत जाताना ओलांडलेल्या प्रत्येक नाळेवर काठी रोवून ठेवा आणि पहिल्या काठीच्या बुडाला पाणी लागलं की फग तिथेच सोडून निघा. पाय मांडीपर्यंत रुतला तर सरळ वर ओढू नका, खाली पोकळी होऊन चिखल उलट खेचतो. पाठीवर टेकून वजन पसरवा, पाय हलवत बाजूने पाणी आत शिरू द्या आणि सावकाश काढा. हातात 6 फुटी बांबू आडवा असेल तर काम अर्धं होतं. एकट्याने जाऊ नका. अनवाणीही नको, कालवांच्या कपऱ्या ब्लेडसारख्या कापतात आणि खाडीच्या पाण्यात ती जखम हमखास पिकते.

डोंगरातल्या गोड्या पाण्यासाठी 20 लिटरच्या जारचा सापळा चांगला. 2 लिटरची बाटली सगळे सांगतात, पण तिचं तोंड अडीच सेंटिमीटरहूनही कमी, त्यातून बोटभर मासोळीच जाते. तीच वापरायची असेल तर मान कापून टाका आणि उतार जिथे 4 सेंटिमीटर रुंद होतो तिथे तोंड ठेवा. वरचा नरसाळ्यासारखा भाग कापून उलटा आत बसवा, कडेला तापलेल्या खिळ्याने भोकं पाडून तारेने शिवा. अंगावर 5 मिलिमीटरची 30-40 भोकं हवीत. ती नसतील तर आत हवा अडकून बाटली तरंगते आणि आमिषाचा वासही बाहेर जात नाही. आत दोन-तीन गोटे, पिठाचा गोळा आणि गांडुळं. मांडताना तोंड प्रवाहाच्या खालच्या बाजूला. वास पाण्याबरोबर खाली जातो, मासा वासामागे वर पोहत येतो आणि सरळ नरसाळ्यात शिरतो. उलटं मांडलं तर सकाळी पालापाचोळाच निघतो. जागा डोहाच्या कडेची, फूट-दोन फूट खोल, दोरी मुळाला बांधलेली. दोन्ही बाजूंनी गोटे रचून इंग्रजी व्हीच्या आकाराचे हात केले, टोक प्रवाहाच्या खाली आणि टोकाशी कांद्याची गोणी लावली, की एका माणसाने वरून पाणी बडवत मासे हाकले तरी तासाभरात मूठभर मासे मिळतात. काम झालं की गोटे मोकळे करा. पहिल्या पावसात वलगणीचे मासे अंडी घालायला वर चढतात. ते अडवले तर पुढच्या वर्षी त्या ओढ्यात काही उरत नाही, तेव्हा सरावासाठी तो काळ टाळा.

ओढ्यातल्या मुठ्यांसाठी (गोड्या पाण्यातल्या खेकड्यांसाठी) बिळात हात घालू नका. घोणस आणि मण्यार यांनाही तीच बिळं आवडतात. काडीला सुतळी, सुतळीला कोंबडीचं कातडं बांधून बिळाच्या तोंडाशी धरा. मुठ्याने धरलं की ओढायची घाई न करता वीतभर बाहेर येऊ द्या आणि मागची वाट काडीने बंद करा.

शिजवणं. गोड्या पाण्यातला खेकडा निखाऱ्यावर अर्धाकच्चा भाजून कधीच खाऊ नये. त्यात फुफ्फुसात घर करणाऱ्या कृमींची पिल्लं असू शकतात. ईशान्य भारतात अशा आजाराचे रुग्ण क्षयरोगी समजून उपचार घेत राहिल्याचं डॉक्टर सांगतात. तुकडे करून, उकळी फुटल्यावर किमान 15 मिनिटं शिजवा, आणि ज्या सुरीने खेकडा कापला ती धुतल्याशिवाय दुसरीकडे लावू नका. आधीच मेलेली चिंबोरी टाकून द्या, तिचं मांस काही तासांत सडतं आणि शिजवून ते विष जात नाही. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या नाल्यांच्या तोंडाजवळून काहीही खाऊ नका, विशेषतः कालवं आणि शिवल्या. ती पाणी गाळून जगतात आणि पाण्यातलं सगळं अंगात साठवतात. जड धातू उकळून जात नाहीत. चिंबोरीचा कवचाखालचा पिवळा-तपकिरी गर चवीला कितीही छान असला तरी या खाडीतला काढून टाका, सगळं त्यातच साचतं.

सराव कुठे? राष्ट्रीय उद्यानातून मुठा किंवा मासा काढणंही चालत नाही. ऐरोली आणि वाशीच्या पुलांदरम्यान पश्चिमेकडचा भाग 2015 पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, 2022 मध्ये तो रामसर यादीतही गेला. तिथे फग टाकू नका. बाकी खाडीत कोळी बांधवांच्या ठरलेल्या जागा असतात. आधी गावात जाऊन विचारा, दोन भरत्या त्यांच्याबरोबर उभं राहून बघा. उघाडीवर फग टाकणारी बाई दोरीच्या ताणावरून आत चिंबोरी आहे की नुसता पाण्याचा ओढा, हे उचलायच्या आधी ओळखते. तो ताण शब्दांत सांगता येत नाही, दोरी तिच्या हातातून आपल्या हातात घ्यावी लागते.

पाठपिशवीत ठेवायला 15 मीटर नायलॉन दोरी, 3 मीटर बारीक तार, कांद्याच्या दोन गोण्या, सहा गळ, सुतळीचं एक बंडल आणि जाड हातमोजे. सगळं मिळून साधारण अर्धा किलो. आणि बाटलीचे सापळे जितके टाकाल तितके मोजून परत काढा. विसरलेल्या बाटलीत मासे जात राहतात, मरत राहतात, आणि मेलेल्यांच्या वासाने आणखी येतात.